चौदा आटे

एकशे अडुसष्ट, खाली एकशे चार.
सिस्टरनं आकडा लिहिला, तसाच मी लिहितो वहीत :
कादराबाद, पहाटे पाच चाळीस, दीड किलो.
जालन्यात पाण्याचा दाब किलोत, माणसाचा पाऱ्यात.
एवढाच काय तो फरक, असं मला वाटायचं.

एकोणतीस वर्षं पालिकेची चावी खांद्यावर.
साडेचार फूट लोखंड, वर आडवी मूठ.
खड्ड्यात उतरवायची, नटावर बसवायची
आणि मोजून चौदा आटे.
पंधराव्याला उताराच्या गल्लीतली
सिमेंटची म्हातारी लाइन फुटते.

म्हणून डॉक्टर काझीबाईंना सरळच विचारलं :
"नळ्या सडल्या का मपल्या?
का मोटर जास्त ओढायलीय?"
बाई हसल्या. माहेर सदर बाजारचं,
आठव्या दिवसाचं पाणी त्यांनीही भरलेलं.
"मोटर बरी आहे, विश्वंभरराव. वर बघू या,"
म्हणाल्या, आणि स्वतःच्याच कपाळावर पेन टेकवला.

केसपेपरच्या पाठीमागं त्यांनी मेंदू काढला.
मला तो फुलकोबी वाटला.
"इथं खोल, पाण्याच्या पोकळीच्या काठाला,
ज्वारीच्या दाण्याएवढी जागा.
बाकी मेंदूला तटबंदी आहे, इथं वेस उघडी.
रक्तातून निरोप येतो, रिसेप्टरवर बसतो,
कुलपात किल्ली बसावी तसा,
आणि खाली हुकूम सुटतो :
नळ्या आवळा. मीठ धरा. पाणी सोडू नका."

म्हनलं, म्हणजे व्हॉल्व्हच की.

"अर्धाच.
तुमच्या व्हॉल्व्हला काल कोणी फिरवलं ते आठवत नाही.
याला आठवतं.
तिथं राखणीला पेशी असतात.
मीठ, जागरण, धास्ती, कशानंही एकदा उठल्या
की बारीक सूज धरते. ठणकत नाही, दिसत नाही.
मग कुलपं वाढतात.
पुढच्या खेपेला निरोप अर्धा आला
तरी हुकूम पुरा जातो."
थांबून म्हणाल्या, "फार जुनी धास्ती आहे का काही?"

नाही म्हनलं.

घाणेवाडीचा तळ उघडा पडला त्या उन्हाळ्यात
सोळाव्या दिवशी पाणी सोडलं होतं.
आधी एक फोन आला होता.
एका गल्लीला तीन आटे जास्त दिले,
आणि वरच्या आळीची लाइन
वीस मिनिटांत फुसफुसून गप्प झाली.
शेवंताबाई खरातनं रिकामी कळशी फेकली.
खांद्याला लागली. तेवढं चालतं.
पण ती शिवी न देता तिथंच बसली,
डांबरावर, नळाकडं पाठ करून,
आणि कळशी घरंगळत माझ्या चावीपाशी आली.
तो आवाज.

अजून तारामती मांडणीवर ताटं लावते
तर कानामागं काहीतरी आवळतं.
मोजून बघितलं नाही, पण चौदाच्या पुढं जातं.

गोळी सकाळी एक, रात्री अर्धी.
लोणच्याची बरणी फळीवरनं खाली उतरून
शेजारच्या धोंडूबाईकडं गेली. पापडही.
सूज उतरायला वेळ लागतो, बाई म्हणाल्या,
आणि किती ते त्यांनाही नक्की माहीत नाही.
त्यांचं हे मला आवडलं.
आमचे इंजिनियर तारीख देतात.

गळती शोधायला आमच्याकडं सळई असते.
एक टोक जमिनीवर, एक कानाला.
रात्री दोनला, गाव निजल्यावर,
चार फुटांखालचं पाणी कुजबुजताना ऐकू येतं.

काल झोप येईना तेव्हा तारामतीला म्हनलं,
जरा कान लाव इथं.
तिनं माझ्या कानशिलाला कान लावला,
बराच वेळ.
"काय येतंय ऐकू?"
"काही नाही. तुम्ही दात खाताय."
मग तशीच अंधारात म्हणाली,
"कोणाच्या गल्लीला दिलं होतं हो, ते तीन आटे?"

मी तिला कधी सांगितलंच नव्हतं.